भाव सगळ्यांना दिसतात, पण स्क्रिप्टनं उचलायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकांना आणि जळगाव-धुळ्याच्या कापूसवाल्यांना रोजचे भाव व्हॉट्सॲप चॅनेलवर आणि एका छोट्या साइटवर द्यायचे आहेत. त्यासाठी पायथनमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) तीन ठिकाणांहून आकडे गोळा करते. पहिलं ठिकाण सरकारी पोर्टल. दुसरी एक खासगी भाव देणारी साइट, जिचा सविस्तर तक्ता लॉगिन केल्यावरच दिसतो. तिसरं एका वृत्तसाइटचं बाजारभावाचं पान. खासगी साइटच्या अटींत ‘रोबोट, स्पायडर, स्क्रेपर किंवा इतर स्वयंचलित साधनाने’ साइट वापरायला मनाई आहे. ही मनाई कायद्यात कितपत टिकते? आणि उद्या आपल्या साइटवर अशीच अट टाकली तर तिला काही अर्थ असेल का?

आधी सरळ उत्तर देतो. सरकारी आकडे एपीआयनं (प्रोग्रॅमला थेट डेटा देणारी अधिकृत सोय) घ्या, पान खरवडायची, म्हणजे स्क्रेपिंगची गरजच नाही. लॉगिनमागचा तक्ता स्क्रिप्टनं उचलणं आजच बंद करा. वृत्तसाइटवरचा आकडा घेता येईल, पण त्याभोवतीचा मजकूर आणि फोटो नाही, आणि आकडा घेतानाही तिच्या अटी बघूनच. बाकी सगळं या तीन वाक्यांमागची कारणं.

या विषयात दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, ‘बठ्ठं दिखस ना, मंग त्यामा काय शे?’ (सगळं दिसतंच ना, मग त्यात काय?) दुसरं, ‘अटीत लिहिलंय म्हणजे सायबर पोलीस उचलणार.’ दोन्ही चूक. पण पहिली चूक जास्त महागात पडते, कारण तिला इंटरनेटवर आधार सापडतो आणि तो आधार अमेरिकेचा असतो.

तो आधार म्हणजे हायक्यू (माहितीचं विश्लेषण विकणारी कंपनी) विरुद्ध लिंक्डइन (नोकरी-व्यवसायाच्या प्रोफाइलांची साइट) हा खटला. लॉगिन न करता दिसणारी प्रोफाइलं गोळा करणं हा तिथल्या संगणक-गैरवापर कायद्याचा भंग दिसत नाही, असं नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२ मध्ये म्हटलं. यावर व्हिडिओ करणारे इथंच थांबतात. पुढचा भाग असा, की नोव्हेंबर २०२२ मध्ये खालच्या न्यायालयानं हायक्यूनं लिंक्डइनच्या वापरकर्ता कराराचा भंग केल्याचं ठरवलं, आणि डिसेंबरमध्ये ५ लाख डॉलरचा निवाडा व कायमची मनाई मान्य करून हायक्यूला प्रकरण मिटवावं लागलं. म्हणजे संगणक कायद्यात तरले आणि करारात बुडाले.

आपल्याकडं तर पहिला भागही जसाच्या तसा लागू होत नाही. तिथला सगळा वाद ‘अधिकाराशिवाय प्रवेश’ या शब्दांवर झाला; दार उघडं असेल तर अधिकाराचा प्रश्नच येत नाही, असा तो युक्तिवाद. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ वेगळं लिहिलेलं आहे. संगणकाच्या मालकाच्या किंवा त्याचा ताबा असलेल्या माणसाच्या परवानगीशिवाय प्रवेश करणं हे त्यात एक कृत्य आहेच. पण डेटा किंवा माहिती डाउनलोड करणं, तिची नक्कल करणं, ती काढून घेणं हे उपकलम ख मध्ये स्वतंत्र कृत्य आहे. म्हणजे दार उघडं होतं एवढ्यानं काम भागत नाही. आतली वस्तू नेण्याची परवानगी होती का, हा दुसरा प्रश्न उरतोच.

आता परवानगी कशी ठरते? कुणी पान सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, तर ते बघायची मूक परवानगी दिली असं धरता येतं. बाजार समितीच्या फलकावर लिहिलेला भाव कुणीही वहीत उतरवून घेतो, तसंच. त्या मूक परवानगीची हद्द मात्र मालक आखू शकतो, आणि अटींमधली ‘स्वयंचलित साधन नको’ ही ओळ म्हणजे ती हद्द. म्हणूनच भारतात अटींचं वजन करारापुरतं उरत नाही. कलम ४३ मधली परवानगी होती की नव्हती याचा पुरावा म्हणूनही ती ओळ पुढं येते. सर्वोच्च न्यायालयाचा स्क्रेपिंगवर थेट निकाल नाही, त्यामुळं हे वाचन अंतिम नव्हे. पण बचाव उभा करताना हेच वाचन गृहीत धरून चालावं.

कलम ४३ मधली जबाबदारी नुकसानभरपाईची आहे. ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढं, म्हणजे निर्णय अधिकाऱ्यापुढं चालतो. त्यावरचं अपील ४५ दिवसांत दूरसंचार विवाद अपील न्यायाधिकरणाकडं. दिवाणी न्यायालय त्यात पडत नाही. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे. तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. ‘अप्रामाणिकपणा’ म्हणजे स्वतःचा गैरलाभ किंवा दुसऱ्याचं गैरनुकसान करायचा हेतू. अट वाचायची राहून गेली, एवढ्यावर तो सिद्ध होत नाही. आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) अडवल्यावर प्रॉक्सी लावून, म्हणजे दुसऱ्या पत्त्याआडून पुन्हा शिरलात, तर मात्र हेतूबद्दल बोलायला फारसं काही उरत नाही.

आता करार. अट बांधील व्हायची तर ती मान्य केलेली असायला हवी. खासगी साइटवर खातं उघडताना ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकोनात टिक केली असेल, तर करार झाला. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला म्हणून तो कच्चा ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-क मध्ये स्पष्ट आहे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अटी’ अशी लिंक असेल आणि तुम्ही कधी लॉगिनच केलं नसेल, तर संमती दाखवणं साइटला अवघड जातं. पण स्क्रिप्ट रोज चालवणाऱ्याची गोष्ट निराळी. २००४ मध्ये रजिस्टर डॉट कॉम विरुद्ध व्हेरिओ या अमेरिकन खटल्यात प्रत्येक उत्तरासोबत अट दिसत होती. ती दिवसामागून दिवस बघून पुन्हा पुन्हा माहिती घेणाऱ्याला ‘मी मान्य केलंच नव्हतं’ म्हणता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपलं न्यायालय वेगळा विचार करेल असं वाटत नाही. आणि एकदा वकिलाची नोटीस हातात पडली की माहीत नव्हतं हा विषय संपला.

अट वाचताना शब्दांवर थांबा. नेहमीचा मजकूर साधारण असा असतो: ‘आमच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही हेतूने, कोणत्याही स्वयंचलित साधनाने साइटवर प्रवेश करणार नाही, आमच्या यंत्रणेवर अवाजवी भार टाकणार नाही, आणि प्रवेश रोखण्यासाठी केलेले उपाय टाळणार नाही.’ यात तीन वेगळ्या मनाया आहेत. पहिलीत ‘कोणत्याही हेतूने’ असल्यामुळं ‘आम्ही तर शेतकऱ्यांसाठी फुकट देतो’ हे कारण चालत नाही. दुसरी मोजता येते, सर्व्हरच्या नोंदीतून. तिसरी मोडली की दिवाणी वाद फौजदारीकडं सरकतो.

अट नेमकी कुणाला लागू आहे हेही बघा. जानेवारी २०२४ मध्ये मेटा (फेसबुकची कंपनी) विरुद्ध ब्राइट डेटा (डेटा गोळा करून विकणारी कंपनी) खटल्यात अमेरिकन न्यायालयानं म्हटलं, की मेटाच्या अटी वापरकर्त्याच्या वापराबद्दल आहेत. लॉगिन न करता केलेल्या सार्वजनिक माहितीच्या स्क्रेपिंगला त्या अडवत नाहीत. शब्द ‘वापरकर्ता’ आहे की ‘साइटवर येणारा कोणीही’, एवढ्याशा फरकावर निकाल फिरला.

काही अटींत दंडाची रक्कमच छापलेली असते. एक्सनं (पूर्वीचं ट्विटर) नोव्हेंबर २०२४ पासूनच्या अटींत २४ तासांत १० लाखांहून जास्त पोस्ट उघडल्या तर दर १० लाखांमागं १५,००० डॉलर असा आकडा टाकला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणं छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते. तिच्या आत न्यायालय वाजवी भरपाई देतं. आकडा छापलेला नसेल तर कलम ७३, म्हणजे नुकसान दाखवा आणि मागा. रोज पंचवीस ओळी उचलणाऱ्याकडून मोठं नुकसान दाखवणं कठीणच. पण साइटला बहुतेक वेळा पैसे नको असतात, मनाई हुकूम हवा असतो. अटींत ‘फक्त बेंगळुरू न्यायालयाचे अधिकारक्षेत्र’ असं असेल आणि ते न्यायालय एरवीही अधिकार असलेलं असेल, तर अशी कलमं आपली न्यायालयं मानतात. सावद्याहून बेंगळुरूला तारखांना जायचा खर्च भरपाईपेक्षा जास्त होतो, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांना ठाऊक असतं.

आता लॉगिनमागच्या तक्त्याकडं का ‘आजच बंद करा’ म्हटलं ते लक्षात आलं असेल. तिथं टिक केलेली आहे, खातं तुमच्या नावावर आहे, आणि कुठल्या खात्यानं किती पानं मागवली हे त्यांच्याकडं मिनिटामिनिटाला नोंदलेलं आहे. खातं मित्राचं असेल तर अजून वाईट. दुसऱ्याचा पासवर्ड कपटानं किंवा अप्रामाणिकपणे वापरणं हे कलम ६६-ग मध्ये येतं, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. मित्रानं राजीखुशीनं दिला असेल तरी साइटच्या अटीत खातं दुसऱ्याला देऊ नये असं असतंच, आणि मित्राचं खातं बंद होतं ते वेगळंच.

भाव हा कुणाच्या मालकीचा असतो, हा पुढचा प्रश्न. आकड्यावर कॉपीराइट नसतो. रावेरला नवतीचा (केळीची एक प्रत) आज अमुक भाव निघाला ही वस्तुस्थिती आहे. ती शोधायला साइटच्या माणसानं कितीही फोन केले असले तरी. नुसत्या मेहनतीवर कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी सर्जकता हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निकालात सांगितलं. तिथं न्यायालयांचे मूळ निकाल मोकळे ठरले, पण संपादकांनी केलेली परिच्छेदरचना आणि टिपा त्यांच्या राहिल्या. तीच फूटपट्टी इथं लावा. तारीख, बाजार, नवती, पिलबाग, वापसी, किमान, कमाल हे मोकळं. ‘उत्तरेत थंडी वाढल्यानं उठाव मंदावला, पुढच्या आठवड्यात भाव दबेल’ हे दोन ओळींचं विश्लेषण मोकळं नाही. भावाशेजारचा केळीच्या घडाचा फोटोही नाही.

एक खाच मात्र आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम २(ओ) मध्ये तक्ते, संकलनं आणि संगणकीय डेटाबेस यांना साहित्यकृतीत धरलेलं आहे. कोणते बाजार निवडले, कशा क्रमानं लावले, मालाच्या कोणत्या प्रती एकत्र केल्या यात डोकं लावलेलं असेल तर ती निवड आणि मांडणी संरक्षित होऊ शकते. म्हणून पूर्ण तक्ता तसाच्या तसा चिकटवू नका; तुम्हाला हवे तेवढे बाजार घ्या आणि आपल्या पद्धतीनं मांडा. युरोपात १९९६ पासून डेटाबेसवर स्वतंत्र हक्क आहे, भारतात तसा नाही. पण त्यावर फार खूश होऊ नये. २०१५ मध्ये रायनएअर विरुद्ध पीआर एव्हिएशन प्रकरणात युरोपच्या न्यायालयानं सांगितलं, की डेटाबेसला कायद्याचं संरक्षण नसलं तरी करारानं बंधन घालता येतं. फिरून गाडी टिक केलेल्या चौकोनावरच येते.

वृत्तसाइटच्या पानाबाबत हे खास लक्षात ठेवा, कारण तिथं नकळत मजकूर उचलला जातो. स्क्रिप्टला ‘तक्त्याखालचा परिच्छेदही घे’ असं सांगितलं की संपलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ च्या निट प्रो निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. कलम ६६ जामीनपात्र आणि कलम ६३ नाही. ‘हॅकिंग’ला घाबरणारे आणि कॉपी-पेस्टला न घाबरणारे लोक नेमकं उलटं वागतात.

सरकारी पोर्टलवर येऊ. ‘सरकारी म्हणजे आपलंच’ हा समज सोडा. सरकारच्या कृतींवर ६० वर्षं कॉपीराइट असतो. राजपत्रातला मजकूर आणि न्यायालयांचे निकाल यांना कलम ५२ मध्ये सवलत आहे, प्रत्येक सरकारी वेबपानाला नाही. सरकारी साइटच्या तळाशी ‘कॉपीराइट धोरण’ नावाची लिंक असते. तिच्यात कधी ‘स्रोत नमूद करून विनामूल्य वापरा’ असतं, तर कधी ‘ईमेलनं परवानगी घेऊन वापरा’. दोन्ही वाक्यं जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून नीट वाचा.

बाजारभावासाठी मात्र वाट मोकळी आहे. डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या खुल्या डेटाच्या पोर्टलवर देशभरातल्या बाजार समित्यांचे दैनिक भाव एपीआयनं मिळतात. फेब्रुवारी २०१७ च्या भारत सरकारच्या खुल्या डेटा परवान्यानं तो डेटा व्यावसायिक कामालाही वापरता येतो, बदलून छापता येतो. अट एवढीच, की देणारा विभाग, स्रोत आणि परवाना यांचा उल्लेख करायचा, आणि सरकारनं आपल्याला मान्यता दिली आहे असं भासवायचं नाही. खातं उघडून स्वतःची एपीआय-की (ओळखीची चावी) घ्या. नमुन्याची की वापरली तर दहाच नोंदी येतात, आणि मग ‘जळगावचे भाव येतच नाहीत’ म्हणून लोक पुन्हा पान खरवडायला लागतात.

तिथं तीन ठिकाणी चुका होतात. तारीख दिवस/महिना/वर्ष अशी येते. लायब्ररीनं (तयार कोडनं) ती उलटी वाचली की ०५/०३ चा भाव मे महिन्यात जाऊन बसतो, आणि १३ तारखेपासून सगळं पुन्हा बरोबर दिसायला लागतं, म्हणून चूक लवकर सापडत नाही. दुसरं, केळी दोन नावांनी येते, ‘बनाना’ आणि ‘बनाना - ग्रीन’. त्यांची सरासरी काढू नका. तिसरं, भाव क्विंटलचा असतो आणि तिसऱ्या रकान्यातला सर्वसाधारण दर म्हणजे किमान-कमालची सरासरी नव्हे. त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला तो. तो स्वतः गुणाकार-भागाकार करून बनवू नका.

आता भाराबद्दल, कारण सगळ्यात जास्त नोटिसा यावरून येतात. समजा २५ पानं आहेत आणि स्क्रिप्ट दर मिनिटाला चालते. दिवसाला १,४४० फेऱ्या, म्हणजे ३६,००० मागण्या. भाव बदलतो दिवसातून एकदा. दोन फेऱ्यांत, म्हणजे ५० मागण्यांत जे काम झालं असतं त्यासाठी ७२० पट भार. २००० सालच्या ईबे विरुद्ध बिडर्स एज या अमेरिकन खटल्यात दिवसाला ८० हजार ते १ लाख मागण्या जात होत्या आणि तेवढ्यावर मनाई हुकूम निघाला, सर्व्हर कोसळला नव्हता तरी. आपल्याकडं सर्व्हर खरोखर अडकला तर कलम ४३ ची दुसरी उपकलमं लागतात, व्यत्यय आणणं आणि इतरांचा प्रवेश बंद पाडणं.

बिघाड बहुधा रात्रीच होतो आणि नोंदीत असा दिसतो: २:०० ला कोड २००, सगळं ठीक. २:०१ ला ४२९, म्हणजे मागण्या जास्त झाल्या, सोबत ‘३६०० सेकंदांनी या’ अशी सूचना. स्क्रिप्ट ती सूचना वाचत नाही, लगेच पुन्हा मागते. पुन्हा ४२९. सकाळी सहाला पाहावं तर हजारो ओळी आणि शेवटी ४०३, प्रवेश बंद. मग माणूस आयपी बदलतो. इथपर्यंत सगळं निष्काळजीपणात बसत होतं. आयपी बदलल्यानंतर बसत नाही.

म्हणून स्क्रिप्ट अशी बांधा. दोन मागण्यांत १० सेकंद ठेवा. २५ पानांना चार मिनिटं लागतात, एवढी घाई कुणालाच नसते. ४२९ किंवा ५०३ (सर्व्हर तात्पुरता बंद) आला तर सांगितलेला वेळ थांबा; सांगितलाच नसेल तर १, २, ४, ८ मिनिटं असं वाढवत जा आणि पाचव्यांदा त्या दिवसापुरतं बंद. ४०१ (लॉगिन हवं) किंवा ४०३ आला की स्क्रिप्ट पूर्ण थांबली पाहिजे, तुम्हाला मेसेज आला पाहिजे, पुढचं माणसानं ठरवायचं. ‘मागच्या वेळेनंतर बदललं असेल तरच दे’ हा हेडर (मागणीसोबतची सूचना) पाठवा. बदललं नसेल तर ३०४ येतो आणि पान उतरतच नाही. यूजर-एजंटमध्ये (स्क्रिप्ट सर्व्हरला सांगते ती स्वतःची ओळख) साइटचं खरं नाव आणि ईमेल द्या. क्रोम असल्याचं सोंग घेऊ नका. लपणं हाच पुढं हेतूचा पुरावा होतो, आणि उलट ईमेल दिसला तर बरेचसे ॲडमिन नोटीस पाठवण्याआधी साधा मेल करतात.

रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे स्क्रिप्टनं साइटवर कुठं जावं आणि कुठं नाही हे सांगणारी फाइल, आधी वाचा. १९९४ पासूनची ही पद्धत सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) म्हणून प्रमाणित झाली. त्याच दस्तऐवजात लिहिलंय, की ही प्रवेशाची परवानगी देणारी यंत्रणा नाही. ती पाळली म्हणजे परवाना मिळाला असं होत नाही. पण ‘डिसअलाउ’ (इथं येऊ नका) लिहिलेलं असताना आत गेलात तर परवानगी नव्हती हे दाखवायला ती पुरते. फाइल नसेल, ४०४ आला, तर बंधन नाही असं धरतात. सर्व्हरच बिघडून ५०० च्या घरातला कोड आला तर सगळं बंद आहे असं धरायचं. बऱ्याच तयार लायब्ररी इथं चुकतात. एकदा वाचलेली फाइल २४ तासांपेक्षा जास्त जुनी वापरू नका. ‘क्रॉल-डिले’ (दोन मागण्यांत किती थांबायचं) ही ओळ त्या दस्तऐवजात नाही, तरी कुणी लिहिली असेल तर पाळा, फुकटची समज आहे ती.

कॅप्चा (समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं) दिसला तिथं गाडी थांबली. सातबाऱ्याचे उतारे गावच्या गाव स्क्रिप्टनं उतरवून द्यायची कामं विचारली जातात, रेल्वेची तत्काल तिकिटं काढणारी सॉफ्टवेअरं विकली जातात. दोन्हींत कॅप्चा मोडणं हाच गाभा आहे. उताऱ्यावर माणसांची नावं, गट, बोजे असतात, त्यामुळं प्रश्न वैयक्तिक माहितीचाही होतो. तिकिटांचं तर वेगळं कलम आहे: परवान्याशिवाय तिकिटं मिळवून देण्याचा धंदा केला तर रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ऑनलाइन ई-तिकिटांनाही हे लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

तुमच्या कामात वैयक्तिक माहिती एकाच ठिकाणी शिरते: व्यापाऱ्यांचे मोबाइल नंबर. भावासोबत ते येत असतील तर उचलूच नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्यातून वगळलेली आहे, पण तिसऱ्याच साइटनं छापलेला नंबर त्या व्यापाऱ्यानंच जाहीर केला होता हे दाखवणं तुमच्या गळ्यात येईल.

नोटीस आलीच तर त्याच दिवशी स्क्रिप्ट थांबवा. काही पुसू नका. लॉग, कोड, उतरवलेला डेटा सगळं राहू द्या. पुसलेलं दिसलं की साधी चूकही लबाडी वाटते. त्यांच्या अटींचं पान आज कसं आहे आणि तुम्ही खातं उघडलं तेव्हा कसं होतं, दोन्ही जतन करा, कारण अटी बदललेल्या असतात. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश (फाइलचा गणिती ठसा) लिहावा लागतो. फाइल जपतानाच तो काढून ठेवा. उत्तर वकिलामार्फत द्या, आणि त्यात ‘फक्त आकडे घेतले’ असं लिहिण्याआधी खरंच फक्त आकडे घेतले होते का ते कोडमध्ये बघा.

त्याहून सोपी वाट आधीच आहे: मेल करून परवानगी मागणं. कोणती पानं, दिवसातून किती वेळा, कोणते रकाने, कुठं छापणार, स्रोत कसा लिहिणार, एवढं पाच ओळींत लिहा. होकार आला तर तो मेल जपा. लेखी परवानगी म्हणजे तोच.

आणि तुमच्या स्वतःच्या अटी. तळाशी लिंक टाकून भागणार नाही. नोंदणी करताना टिक घ्या, आणि कोणत्या तारखेला कोणती आवृत्ती मान्य केली हे खात्यासोबत साठवा. अटी मराठीत लिहा, वाचणारे मराठीच आहेत. ‘स्वयंचलित साधन नको’ एवढंच लिहिलंत तर गूगलही बंद होईल, म्हणून सर्च इंजिनांना सूट द्या आणि बाकीच्यांसाठी मर्यादा आकड्यात सांगा, मिनिटाला सहा मागण्या वगैरे. तीच मर्यादा सर्व्हरवर लावा, नाहीतर अट कागदावरच राहते. सरकारी परवान्यावर घेतलेल्या भावांवर ‘सर्व हक्क राखीव’ लिहू नका, ते हक्क तुमचे नाहीतच. तुमचे विश्लेषण, तुमची मांडणी, एवढंच तुमचं. अधिकारक्षेत्र जळगाव ठेवा.

नक्कल पकडायला काही जण तक्त्यात खोट्या ओळी पेरतात. युक्ती जुनी आहे: १९९१ च्या फाइस्ट या अमेरिकन खटल्यातल्या टेलिफोन डिरेक्टरीत पेरलेली चार खोटी नावं दुसऱ्या डिरेक्टरीत जशीच्या तशी छापली गेली होती, आणि तरी नक्कल करणाराच जिंकला, कारण नाव-नंबरच्या यादीत सर्जकता नव्हती. भावाच्या तक्त्यात हे करू नका. कुणीतरी त्या आकड्यावर बागेतला माल तोडायला सांगतो. खूण ठेवायचीच तर बाजारांच्या क्रमात किंवा टिपेच्या शब्दांत ठेवा.